मुक्काम पोस्ट जालना

आषाढी उरकून परत निघालेली शेगावच्या गजानन महाराजांची पालखी बीड मागे टाकते, शहागडला गोदावरी ओलांडते आणि जालना जिल्ह्यात शिरते. वडीगोद्री, अंबड, जालना असं करत ती सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागते. त्या दिवसांत कपाशी वर आलेली असते, नाहीतर पावसाने दडी मारली म्हणून माना टाकून उभी असते. तरी रस्त्याकडेच्या गावांत चहाची पातेली चढतात, केळी वाटली जातात, वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला पोरांत चढाओढ लागते. चालत आलेल्या माणसाचं काय करायचं, हे या जिल्ह्याला कुणी शिकवावं लागत नाही.

चालणारे सगळे टाळकरीच असतात असंही नाही. २० जानेवारी २०२४ ला मराठा आरक्षणासाठी मुंबईकडे निघालेली पदयात्रा अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून निघाली. त्याच्या कितीतरी आधी, १९७९ च्या नोव्हेंबरात, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. तो जालन्याच्या वेशीपर्यंत पोहोचलाच नाही. त्याआधीच बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला, लाठ्या चालल्या, धरपकड झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. भक्तीचं चालणं आणि भांडणाचं चालणं, दोन्ही या मुलखाने पाहिलेलं आहे.

ही पुस्तिका तिसऱ्या तऱ्हेच्या चालण्याविषयी आहे. समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी माणसांना गावाने आपलं म्हणावं, ते जमत नसेल तर निदान त्यांच्याशी बोलावं, एवढ्यासाठी गावोगाव मुक्काम करत जाणं. जालना जिल्ह्यातून अशी यात्रा न्यावी असं कुणाच्या मनात आलं, तर निघण्याआधी त्याने कशाकशाचा विचार करावा, इतकाच तिचा आवाका. नकाशे, अंतरं, पावसाळा सोडून कोणते महिने बरे, हे पुढे येईलच. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे: अशा यात्रेचं खरं काम दिवसाच्या चालण्यात होत नाही, संध्याकाळच्या मुक्कामात होतं.

या विषयासाठी रस्त्यावर उतरण्याची सुरुवात आपल्या देशात कोलकात्यात झाली. २ जुलै १९९९ ला पंधरा माणसं एकत्र चालली, त्यांत बाई एकही नव्हती. नाव होतं फ्रेंडशिप वॉक. आज प्राइड मोर्चांच्या छायाचित्रांत दिसतात ते ढोल, ते सप्तरंगी झेंडे, ती गर्दी यांतलं जवळजवळ काहीच नव्हतं. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते चालून झाल्यावरचं. त्यांनी दोन गट केले आणि शहरातल्या सामाजिक संस्था, मानवी हक्क आयोगाचं कार्यालय अशी दारं गाठली. आम्ही कोण, आमचं म्हणणं काय, हे बसून सांगितलं. चालणं थोडं आणि बोलणं जास्त, असा तो दिवस होता. पुढे मोर्चे मोठे होत गेले तसं हे प्रमाण उलटलं.

मुंबईत १६ ऑगस्ट २००८ ला मोठा मोर्चा निघाला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आमच्या माथी मारल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी, अशी त्यातली एक मागणी होती. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी ती शोभलीही. पुण्यात ११ डिसेंबर २०११ ला समपथिक ट्रस्टच्या बिंदुमाधव खिरे यांनी मोर्चा काढला. मराठीत या विषयावर सातत्याने लिहिणारे जे थोडे लोक आहेत, त्यांत खिरे पहिल्या रांगेतले. काही वर्षांनी त्यांनी मोर्चात येणाऱ्यांना नीटनेटके कपडे घालून या असं सांगितलं, त्यावरून वाद पेटला. खिरे यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला कळतं: फुटपाथवर उभे राहून बघणारे मध्यमवर्गीय आईबाप. पण कपडे नीट असतील तर जवळ करू ही अट, जे नीट दिसूच शकत नाहीत किंवा दिसू इच्छित नाहीत, त्यांनाच आधी बाहेर काढते. हा तिढा गावातही सुटलेला नाही. पदयात्रेत साडी नेसलेला पुरुष असावा का, यावर निघण्याआधीच भांडण होणार. ते होऊ द्यावं, पण घरी, वाटेवर नको.

शहरातला मोर्चा जसाच्या तसा उचलून जालन्यात आणता येत नाही. पुण्याच्या मोर्चात चालणारा एखादा मुलगा बदनापूरचा किंवा परतूरचा असतो, आणि तिथे ओळखणारं कुणी नाही म्हणूनच तो तिथे चालतो. जालन्यात मामा चौकातून गांधी चमनकडे तो निघाला तर पाच मिनिटांत वडिलांचा फोन वाजेल. तोंडाला रुमाल बांधला तरी चालीवरून कळतं, अमक्याचा धाकटा. शहरात गर्दी माणसाला झाकते. आपल्याकडे गर्दीतल्या प्रत्येकाला त्याचं घर माहीत असतं. म्हणून इथे बाहेरून आलेला, अनोळखी, चालत जाणारा माणूस कामाचा. तो बोलतो, उत्तरं देतो, सकाळी पुढच्या गावाला जातो. ऐकणाऱ्यांत बसलेला गावातला मुलगा एक शब्दही न बोलता सगळं ऐकून घेतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांत पुष्कळ आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्या इथे तो अर्ज जालन्याच्या कलेक्टर ऑफिसातून पुढे जातो. यांतलं बरंचसं मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या वाडीवर पोहोचलेलंच नाही. पोहोचलं तरी पोराच्या लग्नाच्या बैठकीत त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

आणि गावातली खरी अडचण लग्नाचीच आहे. पोलीस क्वचित येतात, पाहुणे दर सुट्टीत येतात. तृतीयपंथी माणसाला गावाच्या मनात एक जागा तरी असते; भीतीची असेल, आशीर्वादाची असेल, कुचेष्टेची असेल. कधी गाव त्याच्याही पुढे जातं. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज महिला वॉर्डातून बाद झाला, ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, न्यायालयाने तिला बाई म्हणून लढू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ती निवडून आली. जालना जिल्हाही त्याच खंडपीठाखाली येतो. पण पँट-शर्ट घालणारा, बारावीनंतर बियाणे कंपनीत किंवा सळयांच्या कारखान्यात लागलेला, चारचौघांसारखा मुलगा समलिंगी असेल, तर त्याच्यासाठी गावाकडे कसलीच जागा नाही. एकच उपाय ठरलेला: लग्न करून टाका, सगळं ठीक होतं. ठीक काही होत नाही. वर एका मुलीचं आयुष्य त्यात अडकतं, आणि तिला तर कुणी काही सांगितलेलंही नसतं.

आता दिंडीकडे परत येतो. वारीत कुणी कुणाला काही विचारत नाही, सगळे माउली, असं आपण अभिमानाने सांगतो. खरंच आहे ते. पण न विचारणं हा आपला सोयीचा चांगुलपणाही आहे. पंगतीत शेजारी बसलेल्याची जात विचारायची नाही, लग्न का नाही केलं ते विचारायचं नाही. पंगत उठली की आपापल्या घरी जाऊन आधी होतं तसंच राहायचं. समलिंगी माणसाच्या बाबतीत हा न विचारण्याचा करार फार जुना आहे. काका शेवटपर्यंत एकटे राहिले, त्यांचा एक मित्र कायम घरी असायचा, काका गेले तेव्हा तो मित्र अंगणात एका बाजूला उभा होता. पुढे कुणी काही बोलत नाही. त्या मित्राला सुतक लागलं का, हेही कुणी विचारलं नाही.

सोंगाचंही तसंच. एका गावच्या सप्ताहात मी भारूड पाहिलं. काल्याच्या आदल्या रात्री मंडपात मिशीवाला एक गडी नऊवारी नेसून उभा राहिला. ठुशी खोटी, गजरा खरा. पदर सावरायची त्याची लकब इतकी अस्सल होती की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या, दहा-दहाच्या नोटा पुढे येत होत्या. मंडपाच्या कडेला, जनरेटरजवळ, एक नाजूक हातवाऱ्यांचा पोरगा उभा होता आणि त्याच्या वर्गातली पोरं त्याला खडे मारत होती. भारूड गाणाऱ्या बुवांना ते दिसत होतं की नाही कोण जाणे. भारुडं रचणाऱ्या एकनाथांचं पैठण इथून गोदावरीच्या काठाने फार लांब नाही. सोंगातली बाई चालते, सोंगाबाहेर ती दिसली की दगड. चित्रपटांत आयुष्यभर नाच्या रंगवणारे गणपत पाटील हे याचंच उदाहरण. ती भूमिका पडद्यावरून उतरून त्यांच्या घरादाराच्या मागे लागली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या, नाच्या झालेल्या पैलवानाचं दुःखही याच वाटेने जातं. त्या कादंबरीवरचा चित्रपट २०१० च्या पहिल्या दिवशी लागला, गाणी अजून वरातीत वाजतात. गाण्यांखालची गोष्ट मात्र फारशी कुणी काढत नाही.

विचारायची सोय झाली तर आपली माणसं विचारतात, हेही तितकंच खरं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचकांची पत्रं येत, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलही प्रश्न असत, आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधाराने, न लाजता उत्तरं देत. त्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर कुणी ज्ञानासाठी लिहिलं तर ते अश्लील कसं, असा त्यांचा सवाल होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. जालन्यात भाषण करणाऱ्याने हा प्रसंग जरूर सांगावा, कारण हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं म्हणणारा एकजण सभेत असतोच. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं मराठी मासिकाला पत्र लिहून हेच विचारत होती, आणि त्यांचा वकीलही आपलाच होता.

पत्रात नाव लपवता यायचं. मुक्कामावर प्रश्न विचारणाऱ्याला लपता येत नाही, पण तो प्रश्न दुसऱ्याच्या नावावर घालू शकतो. ‘माझ्या साडूच्या गावात एक पोरगा आहे’ अशी सुरुवात झाली की चालणाऱ्याने ओळखावं आणि साडूची चौकशी करू नये. प्रश्न ठरलेले असतात. इलाज आहे का, हा पहिला. नाही, कारण तो आजार नाही. आणि असा ‘इलाज’ करणं हे डॉक्टरने धंद्याच्या नीतीविरुद्ध केलेलं वर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसरा प्रश्न, मोबाइलमुळे होतं का. मोबाइलमुळे ते होत नाही, मोबाइलमुळे त्या पोराला आपल्यासारखी माणसं सापडतात. त्यात धोकाही असतो: ॲपवर ओळख काढून आडरानात बोलावणारे, मारहाण करणारे, घरी सांगू म्हणून पैसे उकळणारे असतात, आणि लाजेपोटी तक्रार होत नाही. तिसरा प्रश्न प्रश्नासारखा नसतोच. आमच्या गावात असलं कुणी नाही, असं ठाम विधान असतं. यावर वाद घालू नये. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती, एवढं सांगून थांबावं. हिशोब त्यांचा त्यांना करू द्यावा.

हे सगळं बोलणं रात्री जेवणानंतर होतं, भर दुपारी एसटी स्टँडवर माइक लावून होत नाही. संध्याकाळी गावात पोहोचायचं, शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात पथारी टाकायची, हातपाय धुऊन पारावर जाऊन बसायचं. बॅनर आत ठेवायचा. आधी पाऊस, मोसंबीचा भाव, कारखान्याचं बिल. तुम्ही कशासाठी चालताय, हे लोकांनी विचारेपर्यंत थांबायचं. ते विचारतातच, कारण एवढ्या उन्हात उगाच कुणी चालत नाही. समाजमंदिर कोणत्या वस्तीत आहे याकडेही लक्ष असू द्यावं. एकाच वस्तीत उतरलं तर दुसरी वस्ती यायची नाही. दोन रात्री राहून दोन्हीकडे जेवणं हाच उपाय. वेळ जातो, अंतर कापलं जात नाही. जाऊ दे. अंतरासाठी समृद्धी महामार्ग आहे, आणि त्यावर पायी चालणाऱ्याला बंदी आहे.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या एका बापाची गोष्ट सांगायला हवी. ओरेगन राज्यातल्या जो बेल यांचा पंधरा वर्षांचा मुलगा जेडिन समलिंगी होता. शाळेत छळ झाला, २०१३ च्या सुरुवातीला त्याने आत्महत्या केली. बाप त्याच वर्षी न्यूयॉर्ककडे पायी निघाला, वाटेतल्या शाळांत आणि गावांत पोरांच्या छळाबद्दल बोलत. ९ ऑक्टोबर २०१३ ला कोलोरॅडोत रस्त्याच्या कडेने चालताना एका ट्रकने त्याला उडवलं. पुढे त्याच्यावर चित्रपट निघाला. जालन्यात चालणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सळयांचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या धावतात त्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर चालायचं नाही, कार्यक्रम कितीही लांबला तरी. दुसरी मोठी आहे. शक्य असेल तर पुढे आईबाप चालू द्यावेत. कार्यकर्त्याचं ऐकताना गाव हाताची घडी घालून बसतं. पोराचं ताट वेगळं काढलं होतं, नंतर परत एकत्र घेतलं, असं सांगणाऱ्या बापापुढे ती घडी सुटते. मुंबईत ‘स्वीकार’ नावाने अशा पालकांचा गट आहे. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्येही बोलते ती आईच. मुलाची डायरी वाचलेली आई. त्या नाटकाचं वाचन गावच्या मंडपात का होऊ नये, मला कळत नाही. भारूडाला बसतात तेच लोक त्यालाही बसतील.

आणि पारावर बायका येत नाहीत. हे सगळ्या नियोजनात विसरलं जातं, कोलकात्यातही झालंच होतं. विजय तेंडुलकरांनी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहून चाळीसच्या वर वर्षं झाली, पण अशा स्त्रीबद्दल आपल्या गावांत अजून शिवीसुद्धा नाही, इतकी ती अदृश्य आहे. तिचं लग्न मुलापेक्षा आधी होतं, घर सोडायची सोय तिला कमी, एकटीने जालन्याला जायलाही कारण द्यावं लागतं. पदयात्रेत निम्म्या बाया नसतील तर ही यात्रा अर्ध्याच गावाशी बोलून निघून जाईल. बायांनी समाजमंदिरात न झोपता घरांत उतरावं, भाकरी थापायला बसावं, सकाळी बचत गटाच्या बैठकीला जावं. चुलीपुढे जे विचारलं जाईल ते पारावर कधीच विचारलं जाणार नाही.

चालणारे सकाळी निघून जातात. पोरगा किंवा पोरगी मागे राहते. त्यांच्यासाठी काही ठेवून जायला हवं, आणि ते पत्रक असू नये, पत्रक घरात सापडतं. एक आकडा पुरतो, तोही बोलण्याच्या ओघात दोनदा सांगावा म्हणजे लक्षात राहील: टेलिमानसचा क्रमांक १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी विचारलं तर अभ्यासाचं टेन्शन होतं म्हणून लावला असं सांगता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात. तिथल्या समुपदेशकाला यात्रा येण्याआधी भेटून यावं, या विषयावर नीट बोलेल की धार्मिक पोथी उघडेल याची खात्री करून घ्यावी, मगच ते नाव गावात घ्यावं. आशाताईंना विश्वासात घ्यावं. मुख्याध्यापक तयार असतील तर नववी-दहावीच्या वर्गाशी तास मागावा, पण आदल्या रात्री पालकांशी बोलणं झालेलं असेल तरच. हा क्रम उलटा केला की दुसऱ्या दिवशी शाळेवर मोर्चा येतो, आणि त्या मोर्चाला सामोरं जायला तुम्ही तिथे नसता. तिथे असतात ते मुख्याध्यापक.